फुकटच्या रनटाइमचे १२,३९० रुपये उकळले

सेलूत आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मृगाचा पाऊस पडून गेलेला, सोयाबीनच्या बियाण्याला झुंबड, आणि नेमकं अपडेटनंतर बिलाचं सॉफ्टवेअर उघडेना. इंग्रजीत खिडकी आली: डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम टाका. म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लागणारी मायक्रोसॉफ्टची जोड-फाइल. सॉफ्टवेअरवाला फोन उचलेना. गूगलवर शोधलं तर सगळ्यात वर जाहिरात, तीत 'सपोर्ट'चा नंबर. त्यावर फोन लावला. समोरच्याने दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावलं.

लायसन्सचे २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, झाले २,९५०. मग म्हणे, "हे ६४ बिटचं झालं, तुमचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं आहे." परत २,९५०. वर वर्षाच्या सपोर्टचे ६,४९०.

जीव जळतो तो यानेच की, फाइल त्याने माझ्या डोळ्यांदेखत मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून उतरवली. कुठे पैसे मागितले नाहीत, कुठे लायसन्सची की टाकली नाही. आणि जीएसटी लावणाऱ्याचा यूपीआय कुणा माणसाच्या नावावर! मी स्वतः रोज जीएसटीची बिलं फाडतो. पण काउंटरवर "भाऊ, आटपा, ऑटो थांबलाय" चाललेलं असताना नाव कोण वाचत बसतं?

ही रनटाइमं फुकट असतात. ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला एक्स ८६ (x86) लिहिलेलं घ्यायचं, ६४ बिटच्याला एक्स ६४ (x64). दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर सुखाने राहतात. त्या खिडकीतच डाउनलोडचं बटण असतं, तेच दाबा. खिडकीत आवृत्तीचा आकडा ८ असेल तर ८चंच घ्या, ६चं चालत नाही.

ठाण्यात गेलो. "रक्कम किरकोळ आहे, परभणीला सायबरला जा." परभणीत साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या खेपेला विचारतात, "काम झालं ना तुमचं? मग फसवणूक कसली?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँकेत मॅनेजर मान वर न करता म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलाय." अहो, पिन मी टाकला म्हणून तर तक्रार घेऊन आलोय! पैसे गेलेलं खातं कुणाचं, एवढं तरी बघाल की नाही? हेलपाट्यात दुकान बंद राहिलं ते वेगळंच.

पैसे गेले की ठाण्याआधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, त्याच क्षणी. नेट काढा, ते ॲप उडवा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आणि खिडकीत व्हिज्युअल सी प्लस प्लसची डीएलएल, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारी अशीच एक फाइल, सापडत नाही असं आलं तरी असल्या नंबरांना फोन लावू नका. तेही मायक्रोसॉफ्टकडे फुकट आहे, सुटी डीएलएल कुठूनही उचलू नका.

परवा पुन्हा शोधून पाहिलं. जाहिरात तीच आहे, फक्त नंबर बदललाय.