सोल रीव्हर रिमास्टर्ड : शेवट अर्धवट आहे, तरी घ्या

सोल रीव्हर हा जुना गेम नव्या ग्राफिक्ससह परत आलाय, त्यालाच रिमास्टर म्हणतात. मूळ गेम ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी आधी स्टोरी. नोसगॉथ नावाचं मरायला टेकलेलं जग, केन तिथला व्हॅम्पायर सम्राट आणि राझिएल त्याचा खास सरदार. राझिएलला धन्याच्या आधी पंख फुटतात, एवढाच त्याचा गुन्हा. केन शांतपणे जवळ येतो, पंखांची हाडं उपटतो आणि त्याला मृतांच्या सरोवरात फेकून द्यायला लावतो, आणि या जगात पाणी म्हणजे व्हॅम्पायरसाठी ॲसिडच. कैक शतकांनी राझिएल परत येतो तेव्हा त्याला खालचा जबडाच नाहीये, रक्त पिणं बंद, आता आत्मे खायचे आणि एकेका भावाला (म्हणजे केनच्या बाकीच्या सरदारांना) गाठून मारायचं. एवढं भारी ओपनिंग आजही फार थोड्या गेम्सना जमतं.

आता गंमत सांगतो. एक बटण दाबलं की तुम्ही जिवंत जगातून प्रेतलोकात जाता, आणि तिथे त्याच खोलीच्या भिंती वाकतात, खांब पिळवटतात, जिथे हात पोचत नव्हता तिथे चढायला जागा होते. गेम १९९९चा आहे आणि प्लेस्टेशनला मेमरी होती फक्त २ एमबी! दोन वेगळी जगं त्यात मावणं शक्यच नव्हतं, म्हणून लेव्हल एकच ठेवली आणि तिचाच आकार डोळ्यांसमोर बदलत नेला. पुढचा भाग सीडीवरून हळूच लोड होत राहतो, म्हणून तर गेममध्ये इतके बोगदे आणि दरवाजे आहेत, आणि लोडिंग स्क्रीन जवळपास नाहीच. पझल्स पण यातूनच निघालीत, कारण प्रेतलोकात वस्तू हलवता येत नाहीत आणि पाण्यात पोहता येत नाही, तळाशी चालत जावं लागतं. मला विचाराल तर अडचणीतून निघालेलं इतकं सुंदर डिझाइन फारच कमी दिसतं.

फाइट साधीच आहे पण मारायची पद्धत झकास. व्हॅम्पायर नुसत्या माराने मरत नाही, त्याला भाल्याने भोसका, जाळा, पाण्यात फेका नाहीतर उन्हात ढकला. आणि भाला परत उपटलात तर तो उठून अंगावर येतो, हे मी आवडीने करून बघितलंय.

कंटाळा येतो तो ब्लॉक पझल्सचा. ठोकळा ढकला, उलटा करा, पुन्हा ढकला, बाप रे. ते तेव्हाही बोअर होते आणि रिमास्टर करणाऱ्या ॲस्पायर कंपनीने त्यांना हातही लावलेला नाही.

रिमास्टर डिसेंबर २०२४ला आला, सोल रीव्हरचे दोन्ही भाग एकाच पॅकमध्ये. एका बटणावर जुनं-नवं ग्राफिक्स बदलता येतं, कॅमेरा आता आपल्या हातात आहे, आणि मॅप-होकायंत्र आल्यामुळे पहिल्या भागातलं 'आता जायचं कुठे' हे प्रकरण बरंच सुटलंय. राझिएलचं नवं मॉडेल मस्त आहे. पण काही जागांचा जुना खडबडीत अंधारच मला जास्त आवडला, तिथे मी सरळ जुनं ग्राफिक्स लावून खेळलो. आवाज मूळचेच आहेत हे देवाचे उपकार, केनला सायमन टेम्पलमन, राझिएलला मायकेल बेल आणि राझिएलला परत उठवणाऱ्या एल्डर गॉडला टोनी जे, काय तो आवाज! गेममध्ये नाटकी इंग्रजी आहे पण एकही वाक्य पोकळ वाटत नाही.

आता शेवटाबद्दल, स्पॉयलर नको असेल तर हा पॅरा सोडा. गेम मधूनच तुटतो. मूळ गेमची दिग्दर्शक एमी हेनिग (पुढे अनचार्टेड गेम्सवाली) आणि तो बनवणाऱ्या क्रिस्टल डायनॅमिक्सच्या टीमने प्लॅनच एवढा मोठा आखला होता की तो मुदतीत बसेना, मग कापाकापी झाली. तुरेल नावाचा भाऊ गेममध्ये दिसतच नाही. केनला मारून सायलेन्स्ड कथीड्रल नावाच्या चर्चच्या अवाढव्य नळ्या वाजवायच्या आणि सगळी व्हॅम्पायर जात संपवायची असा मूळ बेत होता, त्याऐवजी केन काळाच्या दारातून निसटतो, आपण मागोमाग, आणि समोर 'क्रमशः'. तेव्हा लोक चिडले असतील तर नवल नाही. पण खरं सांगू का, केन तिथेच मेला असता तर २००१चा दुसरा भाग, जो मालिकेतला सगळ्यात हुशार लिहिलेला आहे, तसा झालाच नसता. कापलेल्या काही जागा रिमास्टरच्या एक्स्ट्रामध्ये हिंडायला ठेवल्यात, त्या बघाच. रिकाम्या आहेत, पण काय होणार होतं याचा अंदाज येतो.

जुन्या गेमचा कंट्रोल सहन होत नसेल त्यांनी सेलची वाट बघा, बाकीच्यांनी बिनधास्त घ्या. फक्त ग्राफिक्स चांगलं म्हणून दुसऱ्या भागापासून सुरुवात करू नका, तो पहिला संपतो त्याच क्षणापासून चालू होतो आणि तुम्हाला ओ की ठो कळणार नाही.