‘कर्मा’ (१९३३) : चुंबनाच्या आख्यायिकेत हरवलेला बोलपट

हिमांशु राय आणि देविकाराणी यांच्या ‘कर्मा’ या इंग्रजी बोलपटाची ओळख आपल्याकडे एका चुंबनापुरती उरली आहे, आणि तीही खरी नाही. चार मिनिटांचे अखंड चुंबन पाहायला मिळेल या उत्सुकतेने जो हा चित्रपट लावेल, त्याच्यासमोर वेगळेच दृश्य येईल. राजकुमार (राय) नागदंशाने निपचित पडला आहे आणि तो शुद्धीवर यावा म्हणून व्याकूळ झालेली महाराणी (देविकाराणी) त्याची पुन्हा पुन्हा चुंबने घेते आहे. या दृश्यात शृंगार थोडा आणि आकांत फार आहे.

कथा बेताचीच आहे. सुधारणावादी महाराणी, शेजारच्या संस्थानाचा राजकुमार आणि तिचे नवे विचार न पटणारा त्याचा पिता, एवढाच तिचा पसारा. शिकार, मिरवणुका, गारुडी हे सारे लंडनच्या प्रेक्षकाला भारत दाखवण्यासाठी योजले आहे, हे लपत नाही. दिग्दर्शक जे. एल. फ्रीअर हंट यांनी बाह्यदृश्ये भारतात घेतली, स्टुडिओतील काम लंडनच्या स्टोल स्टुडिओत झाले आणि मे १९३३मध्ये चित्रपट लंडनमध्येच प्रथम झळकला.

राय यांचा अभिनय मला अवघडलेला वाटला. मूकपटातली ठाशीव मुद्रा त्यांना सोडवत नाही. देविकाराणींचे मात्र तसे नाही. ध्वनी नवा असताना बहुतेक नट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा रंगभूमीच्या आवाजात बोलत. देविकाराणी समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावे तशा हळू, स्वच्छ इंग्रजीत बोलतात. कॅमेरा जवळ आला की वाक्य संपल्यावरही त्यांच्या डोळ्यांत विचार चालू असलेला दिसतो. लंडनच्या समीक्षकांनी त्यांच्या उच्चारांचे कौतुक केले, ते उगीच नव्हे.

१९३४मध्ये आलेल्या हिंदी आवृत्तीला येथे यश मिळाले नाही. त्याच वर्षी राय-देविकाराणी या दांपत्याने मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभी केली. तेथील देविकाराणी ज्यांना आवडतात, त्यांनी सव्वा तासाहूनही लहान असलेला हा चित्रपट इंग्रजीतच आणि शक्य तर हेडफोन लावून पाहावा; ध्वनिमुद्रण जुने असल्यामुळे त्यांचे हलके स्वर एरवी सहज निसटतात.