चेकसम की डिजिटल सही? अण्णांना फोनवर शिकवताना मला जे पटलं ते

गेल्या महिन्यात एका मित्राने विचारलं, "ऑफिसातल्या पोरांना डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर खरं की बनावट, हे तपासायला शिकवायचंय. हॅश जुळवायला लावू की सही बघायला?" हाच प्रश्न चार-पाच वर्षांपूर्वी मलाही पडला होता. सोलापूरच्या नवी पेठेत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे संगणक मी सांभाळतो. दोन्ही पद्धती मी लोकांना शिकवून पाहिल्या आहेत. हॅश किंवा चेकसम म्हणजे फाइलवरून गणित करून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, तो संकेतस्थळावर छापलेल्या ठशाशी जुळवायचा. डिजिटल सही म्हणजे फाइल कुणाची आहे आणि नंतर तिच्यात बदल झालाय का, हे सांगणारी खूण.

कागदावर पाहिलं तर हॅशच सरस वाटतो. फाइलमधला एक बिट हलला तरी एसएचए-256 या प्रकारच्या हॅशच्या 64 अक्षरांपैकी बहुतेक सगळी बदलतात. त्यात कुठल्या कंपनीवर विश्वास ठेवायचा प्रश्न येत नाही, सहीसाठी लागतात तसे कुणाला प्रमाणपत्राचे पैसे द्यावे लागत नाहीत. मी मोठ्या उत्साहाने सगळीकडे 7-झिप हा फाइली दाबून लहान करायचा प्रोग्रॅम टाकून दिला, कारण त्यात फाइलवर राइट क्लिक केलं की हॅश काढून मिळतो. कमांड लिहायची कटकट नाही. मे 2017 मध्ये हँडब्रेक या व्हिडिओच्या प्रोग्रॅमच्या एका मिरर सर्व्हरवर (फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या जादा सर्व्हरवर) चारेक दिवस मॅकसाठीची बनावट फाइल बसली होती. त्या दिवसांत ज्याने हॅश जुळवला तो वाचला. माझ्याकडे हे एकच उदाहरण होतं आणि मी ते सगळ्यांना ऐकवायचो.

मग एका दुपारी कारखान्यातून अण्णांचा फोन आला. अण्णा तिथले जुने हिशेबनीस, साठीच्या पुढचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, संगणकाशी मात्र जरा अंतर ठेवून वागणारे. नवा प्रोग्रॅम उतरवला होता आणि मी शिकवल्याप्रमाणे हॅश काढून बसले होते. मागे माग खडखड वाजत होते.

"वाचा अण्णा."

"नऊ, एफ, तीन, बी…"

"बी का डी?"

"डी. डी हो. नाही थांबा, बी. बदकातला बी."

हॅशमध्ये अक्षरं असतात ती फक्त ए ते एफ. त्यातली बी, सी, डी, ई फोनवर, त्यातही मागांच्या आवाजात, एकसारखीच ऐकू येतात. बत्तिसाव्या अक्षराला आमची ओळ चुकली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला अण्णा म्हणाले, "सर, पहिली चार आणि शेवटची चार जुळली की हो, बास झालं ना?"

बास झालं असं मीही म्हणालो. मला घरी जायचं होतं.

रात्री ते डोक्यातून जाईना. आठ अक्षरं म्हणजे 16 चा आठवा घात, साधारण 429 कोटी शक्यता. आकडा मोठा दिसतो, पण आजच्या ग्राफिक कार्डाला तो किरकोळ आहे. मुद्दाम ठरवलं तर तेवढीच आठ अक्षरं जुळणारी खोटी फाइल कुणीही बनवू शकतो. म्हणजे मी अण्णांना तपासणी शिकवलीच नव्हती, तपासल्याचं समाधान तेवढं शिकवलं होतं. नंतर लक्ष ठेवलं तर बाकीचेही तेच करत होते: डोकं बघायचं, शेपूट बघायची, पुढे जायचं. कॉपी करून शोध-खिडकीत चिकटवा म्हटलं तर दोन दिवस करतात. त्यात दर आवृत्तीला नवा हॅश, तो संकेतस्थळावर पुन्हा शोधायचा. तो सापडला, तरी फाइलच्याच पानावर छापलेला असतो. लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमचं संकेतस्थळ फेब्रुवारी 2016 मध्ये फोडून डाउनलोडचा दुवाच बदलला होता. दुवा बदलू शकणाऱ्याला शेजारचा हॅश बदलणं काय अवघड?

आता सही. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे नाव दिसतं: व्हीएलसीला 'व्हिडिओलॅन', लिबरऑफिसला 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'. एवढ्यावर थांबायचं नाही, नाव निवडून डिटेल्स दाबायचं आणि सही 'ओके' आहे असं वाक्य आहे का ते वाचायचं. फाइलमध्ये कुणी हात घातला असेल तरी तो टॅब आणि ते नाव दिसत राहू शकतं, गडबड डिटेल्समध्येच कळते. अण्णांना मी याहून सोपं सांगितलं. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळवंडून जी परवानगीची खिडकी येते ती निळी (सही पटली) की पिवळी (प्रकाशक अनोळखी) ते बघा, आणि 'व्हेरिफाइड पब्लिशर'पुढे काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.

नाव वाचता येतं, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. अण्णांना ते कळतं, लक्षात राहतं आणि मागांच्या आवाजातही मला ऐकू येतं. आवृत्ती बदलली तरी नाव सहसा तेच राहतं. सोलापुरी म्हणून बाहेरची चादर कुणी समोर ठेवली तर अण्णा कोपऱ्यातलं लेबल उलटून बघतात. त्या सवयीला फक्त नवी जागा दाखवायची होती.

सहीचे दोष नाहीत असं नाही. 2017 मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करायच्या प्रोग्रॅमची 5.33 ही आवृत्ती कंपनीच्याच खऱ्या सहीनिशी, अधिकृत सर्व्हरवरून, आत मालवेअर घेऊन बाहेर पडली आणि सुमारे 22.7 लाख संगणकांवर गेली. पण तिथे हॅशही जुळलाच असता. फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्कने, म्हणजे लांबून दुसऱ्याचा संगणक चालवायच्या प्रोग्रॅमच्या कंपनीने, आपल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर करून सहीचं प्रमाणपत्र बदललं. आपल्याकडे एनीडेस्क नाही असा अकाउंटंट क्वचितच, त्यामुळे ही बातमी मी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवली. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाने गुगलवर जाहिरात आली होती. पत्त्यातल्या 'के'खाली एक बारीकशी खूण, बाकी सगळं हुबेहूब. त्या बनावट फाइलवरही वैध सही होती. म्हणून 'सही आहे' एवढं ऐकून मी कधी हो म्हणत नाही. सही कुणाची, हे विचारतो. खोट्या पानाला खोट्या फाइलचा हॅश छापायला काहीच लागत नाही. सहीत दुसऱ्याचं नाव घालायचं तर मात्र त्याला आधी प्रमाणपत्र चोरावं लागतं किंवा मिळवावं लागतं.

छोट्या, फुकट प्रोग्रॅमांचं काय, हा खरा अडचणीचा भाग. प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे पडतात, एकटा माणूस ते कुठून भरणार. गंमत अशी, की हॅश काढायला मी जे 7-झिप सगळीकडे टाकलं, तेच मी जेव्हा जेव्हा उतरवलं तेव्हा पिवळ्या पट्टीत 'अननोन' म्हणूनच आलं. अशांसाठी मी अण्णांना विंगेट हे विंडोजचं प्रोग्रॅम उतरवून बसवणारं साधन वापरायला दिलंय. ते फाइलचा हॅश आपल्या यादीशी स्वतःच ताडून बघतं, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं, कंटाळा न करता. माणसाला जे जमत नाही ते यंत्राकडे दिलेलं बरं.

जीपीजी, म्हणजे किल्लीच्या जोरावर सही करायचं आणि तपासायचं फुकट साधन, त्याबद्दल विचारणारे असतातच. तत्त्व म्हणून ते या दोघांच्याही वर आहे, मी मान्य करतो. पण तपासणी झाल्यावर 'सही चांगली आहे' असं सांगून लगेच खाली 'ही किल्ली विश्वासार्ह आहे याची खात्री नाही' असा इशारा येतो. तो वाचून अण्णांनी संगणकच बंद केला होता. शिवाय किल्लीचा ठसा 40 अक्षरांचा. पुन्हा बी का डी.

तुमच्याकडचे लोक लिनक्सवाले असतील, किंवा तुम्ही त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत असाल, तर तुमचा हिशेब वेगळा निघेल. माझी माणसं आठ-दहा किलोमीटर लांब, फोनवर असतात.

पेनड्राइव्हवर टाकायच्या लिनक्सच्या आयएसओचा (इन्स्टॉल करायच्या अख्ख्या फाइलचा) हॅश मी अजूनही स्वतः जुळवतो, दुकानाचं शटर अर्धं ओढून झाल्यावर. अण्णांचा फोन परवा आला होता. "सर, निळी पट्टी आहे, नाव द डॉक्युमेंट फाउंडेशन. दाबू का?"

"दाबा."

अठरा सेकंद. कॉल लॉगमध्ये बघितलं.