रेणू जुळवण्याचा संच : नावे पक्की होतात, आकृत्या मात्र स्वतःच शिकाव्या लागतात

दहावीतल्या मुलीसाठी आम्ही वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातील शालेय साहित्याच्या एका दुकानातून रेणूंच्या प्रतिकृती जुळवण्याचा प्लॅस्टिकचा संच सुमारे चारशे रुपयांना घेतला. त्यात कार्बनचे काळे 10 गोळे, हायड्रोजनचे पांढरे 20, ऑक्सिजनचे लाल व क्लोरीनचे हिरवे मोजके गोळे, अणूंमधले बंध दाखवणाऱ्या ताठ आणि लवचिक काड्या आणि एक इंग्रजी पुस्तिका आहे. कोयलीच्या रिफायनरीमुळे पेट्रोरसायनांची नावे वडोदऱ्यात घरोघरी कानांवर पडतात. तरीही मीथेन, इथेन, प्रोपेन ही यादी घडाघडा म्हणणारी मुले फांदी असलेल्या रेणूला नाव देताना अडखळतात.

संचाचा खरा उपयोग नेमका तिथे होतो. चार कार्बनच्या आडव्या साखळीत दुसऱ्या कार्बनला खाली इथिल गट (दोन कार्बनची फांदी) जोडलेली आकृती वहीत दिसली, की मुले बिनदिक्कत ‘2-इथिलब्युटेन’ असे लिहितात. हाच रेणू हातात घेऊन इथिल गटाच्या टोकापासून मोजत गेले, की साखळी पाच कार्बनची भरते, मधल्या कार्बनवर मिथिल गट (एका कार्बनची फांदी) उरतो आणि 3-मिथिलपेंटेन हे योग्य नाव आपोआप निघते. सर्वांत लांब साखळी सरळ रेषेतच काढलेली असेल असे नाही, हे फळ्यावर कितीही वेळा सांगितले तरी इतके ठसत नाही. ब्युटेन आणि 2-मिथिलप्रोपेन शेजारी ठेवले, की रेणुसूत्र एकच असूनही रचना वेगळी कशी, हेही स्पष्ट होते. पहिल्याचा उत्कलनांक उणे 0.5 अंश आणि दुसऱ्याचा उणे 11.7 अंश सेल्सिअस का असावा, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.

उणिवाही आहेत. या दोन प्रतिकृतींतच हायड्रोजनचे सगळे 20 गोळे संपतात, त्यामुळे पेंटेनचे समघटक, म्हणजे त्याच रेणुसूत्राचे पण वेगळ्या रचनेचे रेणू, शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. लवचिक काड्यांनी केलेला इथीन (दुहेरी बंधाने जोडलेल्या दोन कार्बनचा रेणू) सपाट होतो हे चांगले, पण गोळ्यांची छिद्रे 109.5 अंशांच्या कोनात असल्याने दुहेरी बंधाजवळचा सुमारे 120 अंशांचा कोन त्यात उतरत नाही, हे मोठ्यांनी सांगायला हवे.

सर्वांत निराशा पुस्तिकेने केली. तिच्यात नागमोडी रेषांच्या आकृत्या एकदम येतात; प्रत्येक टोक आणि प्रत्येक वळण म्हणजे एक कार्बन, आणि त्याचे चार बंध पुरे करणारे हायड्रोजन गृहीत धरायचे, एवढी साधी गोष्टही कुठे सांगितलेली नाही. म्हणून प्रतिकृती मोडण्यापूर्वी तिचे पूर्ण रचनासूत्र, मग संक्षिप्त सूत्र आणि शेवटी रेषाकृती मुलांकडून वहीत काढून घ्यावी.

एवढे करण्याची तयारी असेल तर संच अवश्य घ्यावा. दोन मैत्रिणी एकत्र अभ्यास करत असतील तर दोन संच घेणे सोयीचे, कारण 40 हायड्रोजनांत पेंटेनचे तिन्ही समघटक एकाच वेळी टेबलावर मांडता येतात.