एचसीआयचा ऑनलाईन कोर्स: शिकवतात झकास, खरं बाहेर पडू देत नाहीत

परवा बँकेचा मेसेज आला, सबस्क्रिप्शनचे पैसे परत कट झालेत, म्हणून आज लिहायला बसलोय. ह्युमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन (एचसीआय, म्हणजे माणूस कॉम्प्युटर-मोबाईल कसा वापरतो त्याचा अभ्यास) आणि युआय, म्हणजे स्क्रीनच्या डिझाईनचा हा कोर्स मी दिवाळीपासून करायलोय. सिलॅबस सगळीकडं मिळतंय, ते सांगत बसत नाही.

आधी बिलिंगचं. सुरुवातीलाच ॲप-वेबसाईट वापरायला सोपं कसं ठेवायचं ह्याचे याकोब निल्सनचे दहा नियम शिकवतात, 1994 चे, आजही तेच चालतात. त्यात एक नियम असा, की माणूस नको तिथं शिरला तर बाहेर पडायची वाट त्याला ठळक दिसली पाहिजे. आणि ह्यांच्या ॲपमध्ये सबस्क्रिप्शन बंद करायचं म्हटलं तर प्रोफाईल, मग सेटिंग, मग बिलिंग, मग 'का सोडताय' म्हणून फॉर्म, त्याखाली हे एवढं मोठं हिरवं 'चालू ठेवा' आणि कोपऱ्यात फिकट करड्या अक्षरात 'रद्द करा', ते पण दाबल्यावर परत पहिल्याच पानावर. असल्या फसवून अडकवणाऱ्या डिझाईनला डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल ह्या डिझायनरनं 2010 मध्ये हे नाव दिलं. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला गाईडलाईन काढून असले 13 प्रकार बंद केलेत, सबस्क्रिप्शन ट्रॅप त्यात नावासकट आहे. एवढं सगळं चॅटवर टाईप केलं तर उत्तर काय, 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे'. मग 1915 वर, सरकारच्या ग्राहक हेल्पलाईनला, तक्रार टाकली. महिन्याचे पैसे आहेत ओ, फुकट येत नाहीत.

निस्तं एवढ्यावर लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. खरं थिंक अलाउडची असाईनमेंट केली आणि मत बदललं. समोरच्याला काम द्यायचं, तो मनात येईल ते बोलत जातो, आपण मधे बोलायचं नाही, मदत तर अजिबात नाही. वडगावात आमच्या मावशीकडं पॉवरलूम आहे, तिला मोबाईलवर लाईट बिल भरायला सांगितलं. पैसे पाठवल्यावर स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. मावशी म्हणाली, "हे फिरायलंय म्हंजे पैसे गेले काय रे? परत दाबलं तर दोनदा जातील की." अंगठा बटणाच्या वर तसाच धरून बसली. मला सांगावंसं वाटत होतं, गप्प बसलो. शेवटी फोन कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली, "उद्या काऊंटरवरच जातो मी, पावती तर हातात येते."

सिस्टिमचं काय चाललंय ते माणसाला दिसलं पाहिजे, हा निल्सनचा पहिला नियम, व्हिडिओत तो मी झोपेत ऐकल्यासारखा ऐकला होता. मावशीच्या अंगठ्याकडं बघून कळला. पाच जणांवर टेस्ट केली तरी बहुतेक अडचणी सापडतात म्हणतात, माझे तर तिसऱ्या माणसापर्यंत सगळे त्याच गोल फिरणाऱ्या चक्राजवळ अडकले.

कमी काय, तर उदाहरणं सगळी अमेरिकेची. आमच्याकडं एकाच घरात आज्जी मराठी वाचते, नातू कन्नड शाळेत, फोन इंग्लिशमध्ये, आणि भाषा बदलायचा पर्याय सेटिंगमध्ये कुठं खोल पुरलेला. ह्यावर कोर्समध्ये एक ओळ नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीनं, म्हणजे तिथल्या डिझाईन स्कूलनं, 2013 मध्ये स्वरचक्र कीबोर्ड काढला, व्यंजन दाबलं की भोवतीनं बाराखडी उघडते, असलं काम मला बाहेर शोधून वाचावं लागलं.

निस्ती थिअरी पाहिजे असेल तर एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाईन कोर्सच्या साईटवर, एचसीआयचे व्हिडिओ फुकट आहेत, परीक्षा दिली तरच फी. असाईनमेंट तपासून हव्या असतील तर हा कोर्स घ्या, खरं घेतल्या दिवशीच युपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेचा मँडेट, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करून टाका, ते तिथनं होतं, ह्यांना विचारायची गरज नाही. शिकवण्याला चार स्टार, बिलिंगला एक. रिफंड आला की इथंच अपडेट टाकतो.