साकीनाक्याच्या लॅबमधली व्हॅनाडियम भाजणी-चाचणी: जरूर घ्या, रिपोर्ट मात्र नीट वाचा

स्लॅगमध्ये, म्हणजे धातू वितळवताना निघणाऱ्या मळीत, व्हॅनाडियम हा धातू किती आहे हे सांगणाऱ्या लॅब मुंबईत हव्या तेवढ्या मिळतील. त्यातलं पाण्यात किती उतरेल हे भाजून दाखवणाऱ्या मोजक्याच. साकीनाका मेट्रोजवळच्या गाळ्यातली ही लॅब ते काम मन लावून करते. माल घेण्याआधी पैसे घालायचे तर या चाचणीवर घाला.

नमुना 200 मेशच्या बारीक चाळणीतून जाईल इतका दळून चुंबकाने लोखंडाचे कण काढतात. ते राहिले तर भट्टीत जळतात आणि तापमान हाताबाहेर जातं. मग सोडा अ‍ॅश मिसळून 800 ते 850 अंशांवर दोन-तीन तास भाजणी. थर पातळ ठेवतात, हवा सोडतात, मधूनमधून माल हलवतात. खरी मेहनत इथेच आहे. स्लॅगमधलं व्हॅनाडियम लोखंडाबरोबर स्पिनेल नावाच्या घट्ट स्फटिकांमध्ये अडकलेलं असतं. ऑक्सिजन आतपर्यंत पोचला तरच त्याचं पाण्यात विरघळणारं सोडियम व्हॅनाडेट होतं. जाड थर लावून दार बंद करणाऱ्या लॅबचे आकडे कमी येतात ते यामुळेच. भाजलेला माल बघायला मागा, दाखवतात. तो भुसभुशीत हवा. चकाकणारे, मुशीला चिकटलेले गोळे दिसले तर सिलिका आणि सोडा वितळून त्यांची काच झाली आहे आणि व्हॅनाडियम आत कोंडलं आहे. अशा वेळी तापमान उतरवून पुन्हा भाजायला सांगा.

पुढे 80-90 अंशांच्या पाण्यात ढवळून गाळतात. गाळलेलं पाणी आणि उरलेला गाळ, दोन्हींतलं व्हॅनाडियम मोजून बेरीज मूळ नमुन्याशी ताडून पाहतात. या एका सवयीसाठी लॅबला पूर्ण गुण.

सांगितलं तर त्या गाळलेल्या पाण्यातून अमोनियम मेटाव्हॅनाडेट हा व्हॅनाडियमचा क्षारही साक्याच्या रूपात पाडून देतात. आधी सिलिका काढतात, पीएच 8 च्या आसपास आणतात, मग अमोनियम क्लोराइड जास्तीचं घालून द्रावण रात्रभर थंड ठेवतात. इथे घाई नको, नाहीतर बराच माल द्रावणातच राहतो. पांढरा साका 500-550 अंशांवर हवेत तापवला की व्हॅनाडियम पेंटॉक्साइड (व्हॅनाडियमचं ऑक्साइड) मिळतं, शुद्ध साक्याच्या वजनाच्या 77.7 टक्के. रंग नारिंगी-पिवळा यायला हवा. काळपट आला तर हवा कमी पडली.

आता तक्रारी. रिपोर्टमध्ये नुसतं ‘व्हॅनाडियम’ छापतात, बाजारात भाव मात्र पेंटॉक्साइडवर ठरतो. आकड्याला 1.785 ने गुणा, नाहीतर सौद्यात मोठी गफलत होईल. टक्केवारी न वाळवता, जसा आला तशा नमुन्यावर देतात. पावसाळ्यात गोणी ओल धरते, म्हणून 105 अंशांवर वाळवलेल्या मालावरची मागा. चुन्याची तपासणी मूळ पॅकेजमध्ये नाही, आणि ही उणीव सगळ्यात खटकते. चुना व्हॅनाडियमला कॅल्शियम व्हॅनाडेटमध्ये धरून ठेवतो, ते पाण्यात जवळजवळ उतरत नाही. स्टील प्लांटच्या साध्या एलडी स्लॅगमध्ये (ऑक्सिजन फुंकून पोलाद करताना निघणाऱ्या मळीत) चुना 40 टक्क्यांच्या घरात असतो; तिथे सोडा-भाजणीचे पैसे वायाच, सरळ अ‍ॅसिड लीचिंगची (आम्लात विरघळवून काढण्याची) चाचणी घ्या.

नमुना आणायला माणूस पाठवतात, पण तो वरच्या गोणीतून मूठभर उचलतो. नमुना स्वतः काढा: बऱ्याच गोण्यांतून मिळून पाचेक किलो, ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच.

उरलेला गाळ सीलबंद, लेबल लावून परत देतात. भाजणीत स्लॅगमधल्या क्रोमियमचा काही भाग विषारी षट्संयुजी रूपात (क्रोमियम-6) जातो, तेव्हा तो कचऱ्यात टाकू नका. तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडेच पाठवा.