पेपरची संदर्भसूची बाहेरून करून घेतली आणि फसले

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सिनियर कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतले स्फुरद विरघळवणारे जिवाणू हा माझ्या पीएचडीचा विषय. तीन हंगामांची मेहनत एका पेपरात उतरवली होती. संदर्भसूची जर्नलच्या पद्धतीत बसवणं तेवढं राहिलं होतं. त्याच आठवड्यात विद्यापीठाचे गठ्ठे तपासायला आले, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली डोक्यावर होत्या, घरी सासूबाई आजारी. म्हणून ते एवढंसं काम मी दुसऱ्याच्या हाती दिलं. माझ्यासारख्या घाईत असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, यासाठी लिहिते आहे.

संशोधकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदर्भसूची करून देणाऱ्या एकाची जाहिरात होती. एका रेफरन्सला ६० रुपये, निम्मे आधी. माझे ५४ रेफरन्स, म्हणजे ३,२४० रुपये. त्यातल्या १२ ठिकाणी माझ्याकडे फक्त लेखकाचं नाव आणि साल होतं. वहीत टिपून ठेवलेलं, मूळ पेपर नंतर शोधू म्हणून सोडलेलं. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. मी शोधून भरतो, वेगळे पैसे नकोत." मला तर उपकारच वाटले.

दोन दिवसांत फाइल आली. दिसायला देखणी. जर्नलला व्हॅंकुव्हर पद्धत हवी होती, म्हणजे मजकुरात आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने सूची. सगळं तसंच होतं. जर्नलची नावं संक्षिप्त, लेखकांची आद्याक्षरं टिंबांशिवाय, प्रत्येकापुढे डीओआय, म्हणजे त्या लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक. मी वरून खाली नजर फिरवली, उरलेले पैसे पाठवले आणि पेपर सबमिट केला.

तीन आठवड्यांनी संपादकांचं पत्र आलं, तेही माझ्या गाईड सरांना, कारण पत्रव्यवहाराचे लेखक ते. पेपर रिव्ह्यूला पाठवलाच नव्हता. पत्रात पाच रेफरन्सचे क्रमांक देऊन लिहिलं होतं की हे लेख अस्तित्वात असल्याचं आढळत नाही, आणि लेखकांनी खुलासा करावा. सरांचा फोन आला. "ही सूची तुम्ही स्वतः केलीत का?" एवढंच विचारलं त्यांनी. मी खरं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पेपरसोबतच्या घोषणापत्रावर त्यांचीही सही होती.

त्या रात्री मी एकेक डीओआय डीओआय डॉट ओआरजी या साइटवर टाकत बसले. आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. पंधराव्या रेफरन्सचा डीओआय टाकला आणि पान आलं, "डीओआय नॉट फाउंड". एकविसाव्याचा उघडला, पण काँक्रीटच्या मजबुतीवरचा लेख निघाला. सकाळपर्यंत हिशेब लागला. मी अर्धवट दिलेल्या १२ पैकी ३ बरोबर होते, ९ बनावट.

बनावट म्हणजे कसे, ते नीट समजून घ्या, कारण वाचताना कुठेही खडा लागत नाही. लेखक खरा, त्याच विषयात काम करणारा. जर्नल खरं. साल पटण्याजोगं. लेखाचं शीर्षकही असं की आपल्यालाच वाटावं, हो, हा पेपर मी पाहिलाय. फक्त तो लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही. त्या व्हॉल्यूमच्या त्या पानांवर दुसरंच काही छापलेलं असतं. एआय चॅटबॉटकडे रेफरन्स मागितले की हुबेहूब असेच येऊ शकतात, हे मी नंतर स्वतः करून पाहिलं.

दोन ठिकाणी तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या क्षेत्रात पिकोव्हस्काया यांचा १९४८ चा रशियन जर्नलमधला लेख सगळेच देतात, त्यांच्या नावाचं जिवाणू वाढवायचं माध्यम आम्ही रोज प्लेटमध्ये ओततो. मला त्याचा डीओआय कधी सापडला नव्हता. या सूचीत मात्र होता, आणि तो उघडत नव्हता. दुसरं, मातीतला स्फुरद मोजण्याच्या पद्धतीवरचं ओल्सेन आणि सहकाऱ्यांचं १९५४ चं काम. ते अमेरिकेच्या कृषी खात्याचं सर्क्युलर क्रमांक ९३९ आहे. यानं ९३९ हा जर्नलचा व्हॉल्यूम करून टाकला होता. त्यानं मातीतला स्फुरद एकदा जरी मोजला असता तरी असं झालं नसतं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. प्रस्तावनेतल्या एका वाक्यापुढे मी "४, ५" दिले होते. त्याच्या फाइलमध्ये तिथे "४-१२" होतं. स्वल्पविराम गेला आणि एक छोटी आडवी रेघ आली. त्या रेघेत सात नवे पेपर घुसवले होते. एक माशांच्या खाद्यावर, एक पिकाच्या उत्पादनाचा संगणकी अंदाज बांधण्यावर, एक सोलर ड्रायरवर. सातांपैकी सहांमध्ये तेच दोन लेखक. माझ्याकडून पैसे घेतलेच, शिवाय माझ्या पेपरातून दुसऱ्याची सायटेशन्सही, म्हणजे त्याच्या लेखांचे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, वाढवून दिली. अशी सायटेशन्स विकली जातात हे ऐकून होते. माझ्याच मातीच्या पेपरात ती सापडतील असं कधी वाटलं नव्हतं. ५४ ची सूची ६१ ची झाली होती आणि मी शेवटचा आकडासुद्धा पाहिला नव्हता.

त्याला विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, रेफरन्स कोण वाचतं?" पुढच्या मेसेजला एकच टिक.

नंतर सगळी सूची झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी स्वतः केली. फुकट आहे. डीओआय टाकला की माहिती आपोआप येते, हवी ती पद्धत निवडता येते, वर्डमध्ये आकडे आपोआप बदलतात. चार संध्याकाळी लागल्या. आलेली माहितीही तपासावी लागतेच. कधी शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत येतं, कधी पानं गळतात. जुन्या लेखांसाठी ग्रंथपालांनी मदत केली. आणि तरीही कुणाकडून काम करून घ्यायचंच असेल, तर पैसे देण्याआधी मजकुरातल्या एखाद्या आकड्यावर क्लिक करा. सॉफ्टवेअरने टाकलेल्या आकड्यावर करडी छटा येते. ती आली नाही तर बहुतेक आकडे हाताने टाइप केलेले आहेत. माझ्या फाइलमध्ये तसेच होते. मग एक रेफरन्स काढला की पुढचे सगळे आकडे हातानेच बदलावे लागतात. रेफरन्सची आपली मूळ संख्या आणि आलेली संख्या जुळवा. ज्याचा मूळ लेख आपण उघडून पाहिलेला नाही, तो रेफरन्स कितीही सुंदर दिसला तरी काढून टाका. माझे त्या ९ मधले ४ असेच गेले. त्यांच्यावर टेकलेली वाक्यंही काढली.

संपादकांना सरांनी आणि मी मिळून खुलासा पाठवला, जे झालं ते सगळं लिहून. त्यांनी खुलासा नोंदवून घेतला, पेपर मात्र पुन्हा विचारात घेतला नाही. आता तो दुसऱ्या जर्नलकडे आहे. स्क्रीनशॉट जोडून सायबर पोर्टलवर तक्रार केली आहे, पोचक्रमांक मिळाला.

काल त्याच ग्रुपवर नव्या नंबरवरून जाहिरात आली. रेफरन्सला ५० रुपये, अपुरे असतील तर भरून मिळतील. खाली तीन जणांनी "डिटेल्स पाठवा" लिहिलं होतं. तिघांनाही मी फोन केला.